एक तुकडा, दोन बाटल्या

आमच्या शेजारच्या मावशी ऊसतोडीहून परतल्या तेव्हा त्यांचं नाक एकाच बाजूनं चोंदलेलं होतं. चार महिने खपल्या धरत होत्या, मधूनच घोळणा फुटायचा. गल्लीनं निदान करून टाकलं, "नाकाचं हाड वाढलंय." २०२१पासून आमच्या बीडकडं दुसरं नावही लगेच निघतं, काळी बुरशी. पण ती काही दिवसांतच चेहरा सुजवते, चार महिने दम धरत नाही. टीबी कुणाच्या डोक्यातच आला नाही. खोकला कुठं होता?

नाकाचा टीबी तसा दुर्मीळच. आतली बारीक लव शेंबूड सतत घशाकडं ढकलत असते, त्यात जंतूला ठाण मांडता येत नाही. मांडलंच, तर बहुधा मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात, आणि मग पडद्याला भोकही पडू शकतं. कुष्ठरोग, बुरशी, कॅन्सर हेही दुर्बिणीतून असेच दिसू शकतात. म्हणून तपासायला तुकडा काढायचा.

खरी मजा त्या तुकड्यात आहे. शरीरानं जंतूंभोवती पेशींचं कुंपण घातलेलं असतं, तो ग्रॅन्युलोमा. काही पेशी एकमेकींत मिसळून राक्षसी होतात, त्यांची केंद्रकं घोड्याच्या नालासारखी कडेला लागतात. मधोमध नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा मेलेला भाग. जंतू मात्र मोजकेच. त्यांच्या भिंतीत मेण असतं. लाल रंग तापवून त्यात मुरवला की आम्लानं धुतला तरी सुटत नाही. बाकी सगळं धुऊन निघतं, त्यावर निळा रंग चढवतात, आणि निळ्यात लाल काड्या उरतात. पण थुंकीत त्या दिसायलाच मिलिलिटरमागे ५,००० ते १०,००० जंतू लागतात. नाकात एवढे कुठले? म्हणून सीबीनॅट. जंतूच्या जनुकाच्या प्रती वाढवून ते दोनेक तासांत उत्तर देतं, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देत नसेल तर तेही सांगतं. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, मात्र आठवडे लागतात, कारण हा जंतू दुप्पट व्हायलाच सुमारे २० तास घेतो.

मावशींचा पहिला तुकडा अख्खाच फॉर्मेलिनमध्ये गेला होता. फॉर्मेलिनमध्ये पेशींची रचना टिकते, पण जंतू मरतो, आणि मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही. अर्धा तुकडा साध्या सलाइनच्या बाटलीत टाकला असता तर नाकाला दुसऱ्यांदा चिमटा लागला नसता.

मधे एकानं "रक्तातच कळतं की" म्हणून भलताच सल्ला दिला. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या तपासण्यांवर केंद्र सरकारनं २०१२ सालीच बंदी घातली आहे.

दुसऱ्या तुकड्यात सीबीनॅटला जंतू सापडला. गोळ्या सहा महिन्यांच्या, आणि दिवाळीनंतर टोळी पुन्हा निघणार. त्यामुळं कारखान्याजवळच्या कुठल्या दवाखान्यातून पुढची पाकिटं मिळतील, ते मावशींनी मुकादमाच्या आधी आशाताईंना विचारून ठेवलं.