आधी दंड, मग पाय? क्रम उलटा करा

“आधी दंड गरम कर, मग पोट, पाय शेवटी.” वरूड-मोर्शीकडच्या गावातल्या व्यायामशाळेत नवख्या पोराले हाच मंत्र मिळतो. (पाय शेवटी म्हणजे बहुतेक वेळा उद्या.)

उचलायचं वजन वाढवायचं असेल तर हा क्रम तोट्याचा आहे. कर्ल (कोपर वाकवून वजन वर आणणं) मारून दंड थकवले की रोइंग (वजन अंगाकडे ओढणं) करताना पाठ थकायच्या आधी दंडच हात टेकतात. मनगटाचे व्यायाम आधी केले की डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं) पकड सुटते. कंबरेत जोर शिल्लक असतो, पण रॉड बोटांतून घसरतो. पोटाचंही तेच. स्क्वॉटमध्ये (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) कणा ताठ धरायचं काम पोटाकडेच असतं, त्याला आधीच दमवून कसं चालेल?

म्हणून स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस (बाकावर पाठीवर झोपून रॉड वर ढकलणं) असे अनेक सांध्यांचे व्यायाम आधी. कर्ल, पोटऱ्या, पोट नंतर. अंग गरम करायला त्याच व्यायामाचे हलके सेट पुरतात: आधी नुसता रॉड, मग थोडं थोडं वजन.

मात्र हा काही दगडावरचा नियम नाही. जो व्यायाम आधी कराल त्यात ताकद जास्त वाढते, एवढंच. स्नायूंच्या आकारात क्रमाने फारसा फरक पडत नाही. दंडच मागे पडले असतील तर खुशाल दंडापासून सुरू करा.

पोलीस भरतीवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं. १६०० मीटरचे गुण हवे असतील तर धावणं आधी, नाहीतर सकाळी धावा आणि वजन संध्याकाळी उचला.