मिनी-एलईडी आणि मायक्रो-एलईडी: नावं शेजारची, बाजार वेगळे

टीव्हीच्या खोक्यावर ‘मिनी-एलईडी’ वाचलं की वाटतं, मायक्रो-एलईडी ही याचीच आणखी बारीक, पुढची आवृत्ती असणार. तसं नाही. मिनी-एलईडी टीव्ही हा मुळात एलसीडीच. पडद्यामागे हजारो छोटे दिवे असतात आणि ते गटागटाने कमीजास्त करता येतात, म्हणून काळा भाग अधिक काळा दिसतो. चित्र मात्र पुढच्या एलसीडी थरावरच उमटतं.

मायक्रो-एलईडीत तो थरच नाही. प्रत्येक पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा हे दिवे स्वतःच पेटतात आणि विझतात. ओएलईडीसारखंच, फक्त सेंद्रिय पदार्थाऐवजी गॅलियम नायट्राइडसारखे अर्धवाहक. त्यामुळे प्रखरता जास्त आणि पडद्यावर कायमचा डाग पडण्याची भीती कमी.

कागदावर मायक्रो-एलईडी सरळ सरस. तरी तो घरोघरी का पोचत नाही? ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, म्हणजे जवळपास अडीच कोटी दिवे, प्रत्येक १०० मायक्रोमीटरहून लहान. ते वेफरवर, म्हणजे एका पातळ चकतीवर, तयार होतात आणि तिथून उचलून पॅनेलवर अचूक बसवावे लागतात. दहा हजारांत एक जरी बिघडला, तरी एका टीव्हीत अडीच हजार दिवे शोधून दुरुस्त करणं आलं. शिवाय पडदा लहान केला म्हणून दिवे कमी होत नाहीत. ५५ इंची ४के टीव्हीलाही तेवढेच लागतात, उलट आणखी बारीक. आणि दिवा जितका बारीक, तितकी त्याची कार्यक्षमता घसरते, लाल रंगाची तर विशेषच. आकार कमी, किंमत कमी हा टीव्ही बाजाराचा नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

सोनीने ५५ इंची नमुना २०१२ सालीच दाखवला होता. सॅमसंगची १४६ इंची ‘द वॉल’ २०१८ची. २०२०च्या डिसेंबरात सॅमसंगने ११० इंची टीव्ही जाहीर केला, किंमत १७ कोटी कोरियन वॉन. मिनी-एलईडी टीव्ही टीसीएलने २०१९मध्ये विकायला काढला, २०२१मध्ये सॅमसंग आणि एलजीही उतरले. एलसीडीचे कारखाने आयते होते, त्यामुळे किमती भराभर उतरल्या.

मायक्रो-एलईडीची भिस्त छोट्या पडद्यांवर होती: स्मार्ट घड्याळांचं उत्पादन वाढेल, मग टीव्हीही स्वस्त होईल. २०२४मध्ये एलईडी बनवणाऱ्या एएमएस ओसराम कंपनीने आपला मुख्य मायक्रो-एलईडी प्रकल्प ग्राहकाकडून अचानक रद्द झाल्याचं सांगितलं. ग्राहकाचं नाव कंपनीने घेतलं नाही. सगळ्यांची बोटं मात्र ॲपलकडे वळली.

माझ्या मते मायक्रो-एलईडीला खरी जागा आहे ती तुकडे जोडून उभारलेल्या भिंतीएवढ्या पडद्यांत आणि एआर चष्म्यांत, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर चित्र दाखवणाऱ्या चष्म्यांत. दिवाणखान्यातली जागा मिनी-एलईडी आणि ओएलईडीने आधीच वाटून घेतली आहे.

नावांचा गोंधळ मात्र वाढतोच आहे. २०२५मध्ये सॅमसंगने ११५ इंची ‘मायक्रो आरजीबी’ टीव्ही आणला. त्यात मागचे दिवे लाल-हिरवे-निळे आहेत, पुढे एलसीडीच.