निसर्गसंवर्धनाचं हवामान-प्रशिक्षण: अर्ज नेमके कुठे अडतात

बदलत्या हवामानात जंगल, पाणथळ, माळरान कसं सांभाळायचं, याच्या प्रशिक्षणाला कर्मचारी आणि स्वयंसेवक दोघेही अर्ज करतात. परत येतात ते जास्त करून स्वयंसेवकांचे. काम कमी पडतं म्हणून नव्हे, कागद कमी पडतो म्हणून.

ओळखपत्र, फोटो, भरलेला फॉर्म यांत फारसं कोणी अडत नाही. पदवीचीही अट बहुधा नसते. एखाद्या ठरावीक जागेवर केलेलं काम मात्र लागतं.

गाडं अडतं अनुभवाच्या दाखल्यावर. कर्मचाऱ्याला तो कार्यालयातून मिळतो. स्वयंसेवकानं आठ वर्षं पहाटे उठून पक्षी मोजले असले तरी त्याच्या नावाचा कागद कुठेच नसतो. मागायला गेलं की उत्तर ठरलेलं: ‘तुम्ही आमच्या आस्थापनेवर नाही.’ फार गळ घातली तर ‘उत्साही व होतकरू’ असं प्रशस्तिपत्र हातात पडतं. त्याचा उपयोग शून्य. जागेचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, नेमकं काम आणि सहीशिक्का, एवढंच हवं. तेही मिळत नसेल तर गणनेच्या नोंदी आणि हजेरीपट चालतील का, हे आयोजकांना आधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

प्रशिक्षणातला प्रकल्प तुमच्याच जागेवर करायचा असेल तर तिथल्या व्यवस्थापनाचं संमतीपत्रही लागतं. साहेब दौऱ्यावर असतात. अर्ज सुरू व्हायची वाट न बघता मागून ठेवा.

हेतूपत्रात, म्हणजे प्रशिक्षण का हवं ते सांगणाऱ्या पत्रात, ‘मला निसर्गाची आवड आहे’ नको. ती सगळ्यांनाच असते. ‘दोन वर्षं पाऊस कमी झाला’ यानंही काही सिद्ध होत नाही. जागतिक हवामान संघटना हवामानाची सरासरी ३० वर्षांची धरते, सध्या १९९१ ते २०२० ची. आपलं निरीक्षण तिच्याशी ताडून लिहा. पुढे, बदल रोखणार, स्वीकारणार की त्याला हवं तसं वळण देणार, हे सांगा. बरेच जण नुसतं ‘पूर्ववत करू’ लिहून मोकळे होतात. ऑस्ट्रेलियाच्या ‘ब्रॅम्बल के’ नावाच्या बेटावर समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा चढलं, झाडोरा गेला आणि मेलोमिस हा छोटा उंदीर २००९ नंतर दिसलाच नाही. २०१९ मध्ये सरकारनं तो नामशेष झाल्याचं मान्य केलं. तिथे पूर्ववत काय करणार होतो?

राहिली मुदत. आंतरराष्ट्रीय अर्जांत अनेकदा ‘२३:५९ यूटीसी’ लिहिलेलं असतं; यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. ही तुमच्या घड्याळातली मध्यरात्र नव्हे. अमेरिकेत तेव्हा अजून दुपार किंवा संध्याकाळच असते. आणि शिफारसपत्र अनेकदा शिफारस करणाऱ्यानं स्वतः अपलोड करायचं असतं, त्याच मुदतीत. तुम्ही चार दिवस आधी ‘सबमिट’ दाबून निर्धास्त झालात आणि गुरुजी विसरले, तर अर्ज अपूर्णच धरतात. त्यांना आठवण करताना संकोच करू नका, दोनदा करा.