अनुवंश व परिस्थिती (वर्तनाची घडण)

माणसाच्या व प्राण्यांच्या वर्तनात जन्मजात वारसा किती आणि वाढीच्या काळातील परिस्थिती किती, हा जीवशास्त्र व मानसशास्त्र यांतील जुना वाद. ‘नेचर’ (जन्मजात प्रकृती) आणि ‘नर्चर’ (संगोपन) या इंग्रजी शब्दजोडीचे श्रेय सामान्यतः इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) यांना देतात. १८७४ च्या त्यांच्या ग्रंथनामात ती आहे. मात्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिचर्ड मल्कास्टर या इंग्रज शिक्षकाच्या लेखनात हे शब्द जोडीने आढळतात. तेथे ते परस्परपूरक आहेत. गॉल्टन यांनी त्यांना आमनेसामने उभे केले. वर्तन-आनुवंशिकीचा (वर्तनातील अनुवंशाचा वाटा अभ्यासणाऱ्या शाखेचा) आरंभ काही अभ्यासक गॉल्टन यांच्या १८६९ च्या ग्रंथापासून धरतात, तर काही फुलर व टॉम्पसन यांच्या १९६० च्या पाठ्यग्रंथापासून. स्वतंत्र विद्याशाखा या अर्थी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रायॉन यांनी अमेरिकेतील बर्कली येथे चक्रव्यूहात कमी चुका करणाऱ्या उंदरांची आपसांत व जास्त चुका करणाऱ्यांची आपसांत पैदास केली. काही पिढ्यांत ‘हुशार’ आणि ‘मंद’ असे दोन वाण निराळे झाले (१९४०). हा अनुवंशाचा निर्णायक पुरावा मानला गेला. पण तशाच दोन वाणांवर कूपर व झुबेक यांनी १९५८ मध्ये केलेला प्रयोग त्याच्याशेजारी ठेवूनच वाचायला हवा. नेहमीच्या पिंजऱ्यात वाढलेल्या हुशार उंदरांच्या सरासरी चुका ११७, मंदांच्या १६४. खाण्यापिण्याच्या भांड्यांखेरीज काहीही नसलेल्या पिंजऱ्यात दोघांच्याही सुमारे १७०. घसरगुंड्या, बोगदे, आरसे व झोके असलेल्या पिंजऱ्यात अनुक्रमे १११ व १२०. जनुके तीच, पण पिंजरा बदलताच फरक जवळजवळ मावळला.

म्हणून ‘अनुवंशिततेचे प्रमाण ५० टक्के’ याचा अर्थ एवढाच, की त्या समूहात, त्या परिस्थितीत, व्यक्तीव्यक्तींमधील निम्मा फरक जनुकभेदांशी निगडित आहे. एका व्यक्तीचे निम्मे वर्तन जनुकांनी घडवले, असे म्हणणे चूक होय.

पक्ष्यांत दोन्ही टोके दिसतात. कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ पुढे कोकिळासारखाच कूजन करतो. उलट अमेरिकेतील पांढऱ्या मस्तकाच्या चिमणीच्या नराने कोवळ्या वयात स्वजातीचे गाणे ऐकले नाही, तर त्याचे गाणे अपुरे राहते.

माणसावर असे प्रयोग करता येत नाहीत; तेथे जुळ्या व दत्तक मुलांच्या अभ्यासावर भिस्त असते. फिनाइलकीटोन्यूरिया हा एका जनुकातील दोषाचा विकार. त्यात फिनाइलॲलनीन हा अन्नातील प्रथिनांतून मिळणारा घटक रक्तात साचून बुद्धीची वाढ खुंटते. परंतु जन्मानंतर लगेच तो घटक कमी असलेला आहार सुरू केल्यास ही हानी बहुतांशी टळते. नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून हा विकार ओळखता येतो.