विस्तव पाण्याच्या पोटात: नॅनोद्रवी सौर तापकाची पार्श्वभूमी

जुन्या नाशकातल्या काही घरांत तांब्याचा बंब अजून जपून ठेवलेला दिसतो. मधोमध नळी, तळाला जाळी, नळीत निखारे आणि चहूबाजूंनी पाणी. विस्तवच पाण्याच्या पोटात असल्याने त्याची बरीचशी धग पाणी शोषून घेई. गच्चीवरच्या सौर हीटरला हे साधलं नव्हतं. नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, मिसळलेल्या द्रवाचा खटाटोप त्याचसाठी आहे.

काचेखाली ऊन कोंडता येतं, हे स्विस शास्त्रज्ञ सोस्यूरने 1767 मध्ये दाखवलं. 1891 मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स केम्पने काळ्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून पेटंट घेतलं, पण रात्रीतून पाणी निवून जाई. 1909 मध्ये विल्यम बेलीने टाकी वेगळी काढून वर नेली. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं, पंप लागत नाही. आपल्याकडे दक्षिणेला तोंड करून बसवलेले सपाट हीटर याच घराण्यातले.

यात ऊन आधी काळा पत्रा तापवतं, पत्रा नळीला, नळी पाण्याला. पत्रा पाण्याहून गरम राहतो आणि काचेतून उष्णता गमावतो. जानेवारीत निफाडचा पारा घसरतो तेव्हा, म्हणजे गरज सर्वांत जास्त असताना, ही गळतीही वाढते.

पाण्याची उष्णतावाहकता (वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात) सुमारे 0.6, तांब्याची 400. मग पाण्यात धातूच मिसळला तर? भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1873 मध्येच याचं गणित मांडलं होतं. पण भुकटी तळाशी बसते, नळ्या झिजवते. 1995 मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेतल्या स्टीफन चोई यांनी ‘नॅनोद्रव’ हे नाव रूढ केलं: मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापातले कण, जे सहजी खाली बसत नाहीत. 2001 मध्ये त्याच प्रयोगशाळेत इथिलीन ग्लायकॉल या द्रवात जेमतेम 0.3 टक्के तांबं घालून वाहकता 40 टक्क्यांपर्यंत वाढल्याचं आढळलं. जगभर उत्साह पसरला. 2009 मध्ये तिसाहून अधिक संस्थांनी नॅनोद्रवांचे तेच नमुने वाटून घेऊन मोजले, तेव्हा त्यांच्या वाहकतेतली वाढ मॅक्सवेलच्या जुन्या सिद्धांताच्या चौकटीतच बसली.

माझ्या मते खरी कल्पना वाहकतेची नव्हेच. 1975 मध्ये काळा द्रव वापरून पत्र्याऐवजी द्रवालाच ऊन प्यायला लावण्याचा प्रयोग झाला होता. त्यागी, फेलन आणि प्रशेर या संशोधकांनी 2009 मध्ये हेच काम ॲल्युमिनियमच्या नॅनोकणांकडे सोपवून गणित केलं: सपाट तापकापेक्षा कार्यक्षमता 10 टक्क्यांपर्यंत जास्त. 2010 च्या प्रत्यक्ष प्रयोगात सुधारणा 5 टक्क्यांपर्यंत भरली. आकडा लहान, पण इथे बंबासारखी उष्णता पाण्याच्या आतच उमटते.

आता नाशिकची गच्ची. आमच्या हीटरची एक नळी कापली तेव्हा आत बोअरच्या पाण्याचा पांढरा, खरबरीत थर निघाला. हा क्षार तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही उष्णता वाहू देत नाही. नॅनोद्रव आंघोळीच्या पाण्यात मिसळता येत नाही. तो बंद नळ्यांत फिरवून वेगळ्या कॉइलमधून उष्णता द्यावी लागते. म्हणजे तापकाच्या नळ्या क्षारापासून सुटतात, पण तोच थर आता कॉइलवर बसणार. शिवाय कणांमुळे द्रव दाट होतो आणि आपल्या गच्चीवर त्याला ढकलायला पंप नसतो.