खंड नेमका कुठे संपतो?

खंड सरकतात, ही कल्पना १९१२ साली मांडली गेली आणि पुढे अनेक दशके झिडकारली गेली. तो इतिहास सर्वश्रुत आहे. पारडे फिरले सागरतळाच्या पुराव्यांमुळे. १९६३ मध्ये तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा (खडक थिजताना त्यात नोंदल्या गेलेल्या उलटसुलट चुंबकीय दिशांचा) अर्थ लागला आणि १९६८ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या वेधनाने (तळाला छिद्र पाडून काढलेल्या नमुन्यांनी) दाखवून दिले की महासागराच्या मधोमध तळावर असलेल्या डोंगररांगेपासून दूर जावे तसतसा तळ जुना होत जातो.

त्यातून एक सुटसुटीत चित्र रूढ झाले. कवच ताणले जाते, पातळ होते, खचदरी पडते. कवचाखालचा खडकाचा जाड थर, म्हणजे प्रावरण, वर येते, दाब घटल्याने काही अंशी वितळते आणि भेगेत बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकाचा, नवा तळ घडतो. नकाशावर खंड आणि महासागर यांच्यामध्ये एक रेघ ओढली की काम झाले!

या रेघेनेच पुढे सगळ्यांना छळले. १९८५ मध्ये स्पेनच्या वायव्येला खोल समुद्रात वेधन झाले, तेव्हा नळीत खंडाचा ग्रॅनाइटही आला नाही आणि महासागराचा बेसाल्टही नाही. आला तो पाणी मुरून सर्पेंटाइन बनलेला पेरिडोटाइट, म्हणजे थेट प्रावरणाचा खडक. १९९३ आणि १९९७ च्या मोहिमांनी पोर्तुगालच्या पश्चिमेलाही तेच दाखवले. तिथे ताण इतका संथ होता की फारसे वितळण न होताच प्रावरण भ्रंशांवरून (कवच जिथे तुटून सरकते त्या भेगांवरून) घसरत उघडे पडले. हा पट्टा कित्येक किलोमीटर रुंद आहे. तो खंडाचा मानायचा की महासागराचा?

काहींनी रेघ खंडीय कवच संपते तिथे ओढली, काहींनी पहिल्या स्पष्ट चुंबकीय पट्ट्यापाशी. पण सर्पेंटाइन बनताना मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज तयार होते आणि खडकाला चुंबकत्व येते. त्यामुळे या भागातले फिकट चुंबकीय पट्टे नव्या तळाचे समजून काढलेले फुटीचे वय, म्हणजे खंड कधी वेगळे झाले याचा काळ, संशयास्पद ठरते. तरीही त्या वयांवर खंडांची जुळणी (पूर्वी ते एकत्र कसे होते याची मांडणी) बेतली जात राहिली, हे मला घातक वाटते. रेघेचा हट्ट सोडून संक्रमणपट्टाच दाखवायला हवा.

ग्रीनलंड आणि नॉर्वेदरम्यान याउलट सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे जाड थर साचले. मग सगळ्या किनाऱ्यांची ‘लाव्ह्याचे’ आणि ‘बिनलाव्ह्याचे’ अशी वाटणी झाली. तीही टिकली नाही. २०१७ मध्ये ‘बिनलाव्ह्याच्या’ मानलेल्या दक्षिण चीन समुद्रात पोर्तुगालसारखे उघडे प्रावरण अपेक्षित होते, वेधनात निघाला बेसाल्ट.

आता हाच वाद तांबड्या समुद्रात पेटला आहे. दक्षिणेकडच्या मधल्या खोलगट भागात नवा तळ आहे, यावर दुमत नाही. उत्तरेत मात्र मिठाच्या जाड थरांनी तळ झाकला आहे. त्याखाली ताणलेला खंड आहे, असे काही म्हणतात. समुद्र जवळजवळ पूर्ण लांबीभर केव्हाच फुटला आहे, असे इतरांचे म्हणणे.