राखणीची बंदूक : परवान्याची आणि गावठी

भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कुणगा (भाताच्या शेताचा तुकडा) लोळवून टाकतो. नारळ-काजूला माकडं आहेतच, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत आता गवेही उतरतात. त्यामुळे राखणीला बंदूक ही रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुनी गोष्ट. तिच्यातली किती परवान्याची आणि किती गावठी, हा प्रश्न मात्र कायद्याने निर्माण केला.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, परवान्याशिवाय हत्यार बाळगणं देशभर गुन्हा ठरलं. युरोपियनांना मात्र मोकळीक होती. या कायद्याचा राग एवढा होता की गांधीजींनीही त्याला इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत धरलं. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात हत्यार बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून का होईना, होता. पुढे संविधान सभेत १९४८ साली ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी (त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे) ती नाकारली. ज्याला वाटेल त्याने बाजारातून हत्यार आणलं तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती बारगळली.

मग आला १९५९ चा शस्त्र कायदा, आणि त्यातलं कलम १३ कोकणासाठी फार महत्त्वाचं. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असंच ते सांगतं. नकाराची ठरावीक कारणं तेवढी वेगळी. ठासणीचीच का, ते ती वापरताना पाहिलं की कळतं. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालायचे, गजाने ठासायचे, आणि एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे). अशा बंदुकीने दरोडा घालणं कठीण, असा तो हिशेब असावा.

तरीही गावठी बंदुका राहिल्याच. परवाना म्हणजे अर्ज, पोलीस अहवाल, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा, दर काही वर्षांनी नूतनीकरण. डुक्कर तोवर थांबत नाही. त्यात निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या नोटिसा. २०१९ ची विधानसभा निवडणूक २१ ऑक्टोबरला झाली, म्हणजे ऐन भातकापणीत. सरसकट जमा न करता छाननी समितीने एकेका परवान्याचा विचार करावा, हे आता ठरलेलं आहे, पण ते नोटीस आलेल्या शेतकऱ्याला कोण सांगणार?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा कडक झाला. बेकायदा हत्यार बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी वाढली. रोख बिहारमधल्या मुंगेरसारख्या ठिकाणांहून शहरांत जाणाऱ्या पिस्तुलांवर होता, पण मांगरात (शेतातल्या खोपटात) गावठी ठासणीची बनवणाऱ्यालाही कलम तेच. जगातली चर्चा आणखी वेगळ्याच वळणावर आहे. अमेरिकेत २०१३ साली थ्रीडी प्रिंटरवरच्या पिस्तुलाचा आराखडा इंटरनेटवर आला. घरी जुळवायच्या सुट्या भागांच्या संचावर क्रमांक आणि खरेदीदाराची चौकशी हवी, हा तिथला नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरला. जपानमध्ये कायदा अत्यंत कडक असूनही २०२२ साली माजी पंतप्रधान शिंझो आबे घरी बनवलेल्या बंदुकीनेच मारले गेले. आपल्या राखणीच्या बंदुकीला या पंक्तीत बसवणं मला पटत नाही.

पण म्हणून ती निरुपद्रवी आहे असंही नाही. रात्रीच्या शिकारीत झुडूप हललं म्हणून बार टाकावा आणि सोबतीच पडावा, असे प्रकार कोकणात घडलेले आहेत. शिवाय शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना, हा समज चुकीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार पिकात शिरलेलं डुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते.

आणि परवान्याची बंदूक गावठीच्या रांगेत जाते ती बहुतेक वेळा वारसाच्या वेळी. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तरीचा झाला की त्याच्या हयातीतही बंदूक वारसाच्या नावावर होऊ शकते. पण वारस असतो मुंबईत, गणपती-शिमग्याला येणारा. बंदूक चालवण्याचं प्रशिक्षण, अर्ज, पडताळणी यासाठी रजा कोण काढणार? आजोबा जातात, मुदत संपते, आणि तीच बंदूक त्याच कोनाड्यात उभी असताना बेकायदा होते.